देव्हाऱ्यातलं गाडीचं पुस्तक

पोशेऱ्याचा रोहिदास कीर्तनकार बुवांना न्यायला आला होता, आणि समोर उभी होती प्रतिभा.

जव्हारच्या एसटी डेपोच्या फाटकाशी त्याने नवीकोरी लाल मोटारसायकल लावली, मागच्या सीटवर सुतळीने बांधलेली उशी चाचपली आणि विचारलं, बुवा कुठायत? उशी बुवांच्या कंबरेसाठी होती. प्रतिभाने एकदा उशीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. बुवा, म्हणजे माझे वडील नाना, तापाने फणफणलेत, घसा पार बसलाय, आजचं कीर्तन मुलगी म्हणून मीच करणार, असं तिने सांगितलं. तो "बरं" म्हणाला. मग पुन्हा "बरं" म्हणाला. उशी सोडावी की ठेवावी, ह्या विचारात तसाच उभा राहिला.

"राहू द्या," ती म्हणाली, "कंबर मलाही आहे."

रोहिदासचे कान लाल झाले. मागे बसताना ते तिने गाडीच्या आरशात पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्यालाही आरशातच दिसलं.

२००८ सालच्या कार्तिकातली दुपार होती ती. पोशेऱ्याच्या सप्ताहात चारच्या ठोक्याला कीर्तन. नानांनी सकाळी फोन केला तेव्हा तिकडच्या म्हाताऱ्यांनी जरा आढेवेढेच घेतले होते. मुलगी आहे, हरकत नाही. पण वेळेवर उभी राहिली नाही तर आमचे रघुबुवा आहेत, त्यांना उभं करू. प्रतिभा आजवर नानांच्या मागे टाळ धरून उभी राहिली होती. एकटीने नारदाच्या गादीवर उभं राहायची ही पहिलीच वेळ. आज उशीर झाला तर पुढे कुणी बोलावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाटेत तो तिला 'महाराज' म्हणत होता. कीर्तनकाराला तेच म्हणायची रीत. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने थांबवलं.

"मग काय म्हणू? ताई?"

वारा कानांवरून सुसाट गेला.

"...प्रतिभा चालेल," ती म्हणाली.

मोखाड्याच्या अलीकडे एका वळणावर उतारभर खुरासणी फुलली होती — पिवळी, हळद सांडल्यासारखी. अडीचच वाजले होते. तो म्हणाला, दोन मिनिटं बघायचं का? इंजिन चालू ठेवूनच त्याने गाडी साइड स्टँडवर लावली. ती फुलांकडे बघत होती आणि तो... तोही तिकडेच बघत होता असं म्हणू या. मऊ मातीत स्टँड रुतला आणि गाडी हळूच, दमलेल्या म्हशीसारखी आडवी झाली. एक श्वास घेतला आणि गप्प.

उचलली. सेल्फ मारला. खर्रर्र फिरला, पण इंजिन पकडेना. किका मारल्या. नाहीच.

प्रतिभाला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. पेट्रोल आहे का? त्याने टाकी हलवून दाखवली, आत डुबुक डुबुक वाजलं. तो लाल खटका कसला? इंजिन बंद करायचा. तो जागेवर होता. प्लग? त्याने प्लग काढला, स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाच्या टोकाने पुसला, परत बसवला. मग सवयीने हात चोक ओढायला गेला आणि हवेतच राहिला.

"हिला चोकच नाही," तो ओशाळून म्हणाला. "कार्बोरेटरही नाही. पेट्रोल टाकीतला पंप फवारतो आणि किती फवारायचं ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. तालुक्यात अशी पहिलीच."

एवढ्यात गुरं हाकत जवळच्याच पाड्यावरचे जिव्याबाबा आले. ते म्हणाले, "आडवी पाड तिला दुसऱ्या अंगाला. माझ्या पोराची अशीच चालू होते." ह्या डोंगरात बंद पडलेली प्रत्येक गाडी अशीच उठवतात, आडवी करायची, हलवायची, पेट्रोल खाली उतरवायचं. तिघांनी मिळून पाडली, हलवली, उभी केली. काही नाही. पुन्हा पाडली. जिव्याबाबा म्हणाले, नवीन गाडीत दम नाही, आणि गुरांमागे निघून गेले.

तीन वाजत आले. रोहिदास घामाने निथळत होता. मोबाइलला रेंज नाही, वर जाणाऱ्या दोन जीपा टपापर्यंत भरलेल्या. प्रतिभाने आवाज मात्र तसाच ठेवला.

"गाडीबरोबर पुस्तक मिळतं ना? माहितीचं?"

"मिळालंय."

"कुठाय?"

त्याने मान खाली घातली. "देव्हाऱ्यात. आईने गाडीबरोबर त्याचीही पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं. प्लास्टिक अजून काढलेलं नाही."

प्रतिभा हसली. एवढं हसली की तिला रस्त्याकडेच्या दगडावर बसावं लागलं. "अहो, ग्रंथ वाचायचा असतो. नुसतं फूल वाहून तो बोलेल कसा?"

तोही हसायला लागला, आणि त्या हसण्यात दोघांची भीती जरा पातळ झाली. मग तिने डोळे मिटले. नाना शिकवायचे, पेटीचा सूर लागत नसेल तर आधी नुसतं ऐक.

"रोज चावी फिरवली की ही आवाज करते का काही?"

"हो की. हुंऽऽ करते. दोन सेकंद. मग थांबते."

"तुम्ही इतक्या वेळा सेल्फ मारलात, मला एकदाही ऐकू नाही आलं."

रोहिदास थबकला. खरंच, पंप वाजला नव्हता. मीटरवरचा लाल दिवा मात्र केव्हाचा लुकलुकत होता.

"गाडी पडल्यापासून चावी बंद केलीत एकदा तरी?"

केली नव्हती. जुन्या गाडीला तशी गरज कधी लागलीच नव्हती. आणि आता त्याला शोरूमच्या माणसाचं बोलणं आठवलं, जे त्याने पेढे वाटण्याच्या नादात अर्धंच ऐकलं होतं: गाडी आडवी झाली की आतलं यंत्र अपघात झाला समजून पेट्रोल तोडतं, चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय देत नाही. आणि ह्यांनी तर तिला उठवायला पुन्हा पुन्हा आडवी पाडली होती.

त्याने चावी मागे फिरवली. दिवा विझला. दोघांनी दहा आकडे मोजले, तिने मनात आणि त्याने ओठांत. मग चावी पुढे.

हुंऽऽ...

सेल्फला बोट लागलं आणि इंजिनने पकड घेतली.

चारला पाच मिनिटं असताना ती मंडपात शिरली. रघुबुवा उपरणं सावरून उठलेच होते. त्यांनीच हसून वाट दिली. पहिली ओळ जरा कापली, दुसरी उभी राहिली, आणि मग टाळकऱ्यांनी तिला उचलूनच धरलं. पुढच्या खांबाशी टेकून एकजण शर्टाच्या काळ्या टोकासकट ऐकत होता. ती त्या बाजूला फार पाहत नव्हती... म्हणजे, फार नाही.

आरती झाली. रीतीप्रमाणे सगळे कीर्तनकाराच्या पाया पडायला रांगेत आले. सत्तरीचे म्हातारे वाकले, सकाळी आढेवेढे घेणारेही वाकले. तो मान गादीचा, म्हणून तिने हात जोडून घेतला. मग रोहिदास वाकला, आणि प्रतिभाने पाय मागे घेतले.

"तुम्ही नको."

"का? काही चुकलं का माझं?"

मागे रांग खोळंबली होती. ती हळू, अगदी त्याच्यापुरतं बोलली. "तुम्ही वाकलात तर मला पुढचं विचारता येणार नाही."

"पुढचं... काय?"

"नाना बरे झाले की त्यांना भेटायला याल का?"

तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला, तिच्या डोळ्यांत पाहिलं. "गाडीने येऊ की एसटीने?"

"कशानेही या," प्रतिभा म्हणाली. "पण या."