नासक्या अंड्यांची कोठी

मिरचीने अंडं फोडलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. भांड्यात हिरवट-काळं पाणी ओघळलं. असा भपकारा आला की तिने श्वास रोखला.

"शी! हे आपण खातोय?" दुर्बीणने शर्टाने नाक दाबलं. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे सुट्टीच्या शिबिरात त्याला हेच नाव पडलं होतं, आणि तिखट जिभेमुळे तिला मिरची. आज दोघांची स्वयंपाकघरात मदतीची पाळी होती.

"रोज दहा-बारा अशी निघतात," आचारीकाका शांतपणे म्हणाले. "ती फेकतो. बरी दिसतात तेवढीच वापरतो."

'बरी दिसतात तेवढीच' ऐकून मिरचीने पुढचं अंडं उचलायचं थांबवलं. तिचा धाकटा भाऊ आजारी मुलांच्या खोलीत पडून होता. सकाळपासून त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. त्याच्यासारखी आणखी अकरा मुलं तिथे होती, आणि व्यवस्थापक सगळ्यांना सांगत सुटले होते की पोरांनी घरून आणलेला खाऊ बाधला.

दोघं थेट त्यांच्याकडे गेली.

"अंडी नासतील कशी?" व्यवस्थापक खेकसले. "भट्टीपासून शंभर पावलं लांब, त्या टोकाच्या कोठीत ठेवलीत मी. भट्टीशेजारच्या पडवीत ठेवली असती तर गोष्ट वेगळी. जवळ असेल ते तापतं, लांब असेल ते थंड राहतं. शाळेत शिकवत नाहीत का एवढं?"

बाहेर आल्यावर मिरची थबकली. "दुर्बीण, काल ग्रह-तारे शिकवणाऱ्या आकाशवाल्या सरांनी विचारलं, सगळ्यात तापलेला ग्रह कोणता? तेव्हा तू काय म्हणालास?"

"बुध. सूर्याच्या सगळ्यात जवळ म्हणून. आणि तोंडावर पडलो," तो ओशाळून म्हणाला. "उत्तर शुक्र होतं. बुधाला हवेचं पांघरूणच नाही. दिवसा भाजतो, पण सगळी उष्णता निसटते आणि रात्री तो गारठतो. शुक्र लांब आहे, पण त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचा जाड थर. आत आलेली उष्णता लवकर बाहेरच पडत नाही."

"मग व्यवस्थापकांचं गणितही तुझ्यासारखंच चुकलंय. चल, मोजू या."

प्रयोगाच्या पेटीतले दोन तापमापक घेऊन ती निघाली. एक त्यांनी भट्टीशेजारच्या पडवीत टांगला. तिथे दोन्ही बाजूंनी वारा खेळत होता. दुसरा घेऊन ती कोठीकडे गेली. कोठीच्या दारावर व्यवस्थापकांनी लावलेला तापमापक होता, पण बाहेरून, सावलीत! त्यात सत्तावीस अंश दिसत होते.

मिरचीने दार ढकललं. छप्पर पारदर्शक प्लास्टिकचं होतं आणि खिडकी एकही नव्हती. ऊन आत येत होतं, पण गरम हवेला बाहेर जायला फटसुद्धा नव्हती. खोक्यांखालून चिकट पाणी झिरपलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या, आणि कोपऱ्यात अळ्या वळवळत होत्या. दुर्बीण बाहेर पळाला आणि कुंपणाशी ओकला. मिरची दात घट्ट आवळून पाच मिनिटं आत उभी राहिली.

कोठीत सत्तेचाळीस अंश भरले. पडवीत चौतीस.

शिबिराच्या मुख्य बाईंना दोघांनी हाताला धरून कोठीपर्यंत आणलं. व्यवस्थापक मागून "पोरांचं काय ऐकता" म्हणत आले. बाईंनी आत एकच पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला.

"तुम्ही कधी आत आला होतात?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापक दारावरच्या तापमापकाकडे बघत राहिले. "रोज आकडा बघत होतो," ते पुटपुटले.

दुपारपर्यंत सगळी अंडी खड्ड्यात पुरली गेली. ती खोकी व्यवस्थापकांनी स्वतः वाहिली. खरं कारण कळल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं, आणि संध्याकाळी भावाच्या पोटात पेज टिकली.

"शुक्राचा धडा इतका नीट कुणी शिकला नव्हता," आकाशवाले सर सगळ्यांसमोर म्हणाले. बाईंनी मिरचीची पाठ थोपटली. "तू नसतीस तर उद्या आणखी वीस मुलं आजारी पडली असती."

मिरचीने मान डोलावली. मग हळूच हात नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि सातव्यांदा साबण लावायला नळाकडे पळाली.