हिरवळीतल्या बाईचे डोळे

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझी सख्खी आत्या संग्रहालयात जुनी चित्रं साफ करते. गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी दीड वाजता, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, हे तिच्या डोळ्यांदेखत घडलं.

चित्रात गर्द झाडी, गुडघाभर गवत आणि त्यात आडवी झालेली एक बाई. चित्राचा अर्थ लावायला एक तज्ज्ञ नेमला होता. आत्या त्याला 'दीडशहाणा' म्हणायची, आणि तेही कमीच होतं. या गृहस्थानं नुसता फोटो बघून घरबसल्या चित्राखालची पाटी लिहिली. ती छापूनही आली: 'निसर्गाच्या कुशीत निवांत झोपलेली स्त्री.'

आत्या कापसाच्या बोळ्यानं बोट-बोट जागा पुसत चेहऱ्यापर्यंत आली. पिवळं पडलेलं वॉर्निश निघालं आणि...

बाईचे डोळे सताड उघडे होते.

"अहो, ही झोपलेली नाही. ही घाबरून लपलीय," आत्या म्हणाली.

"बाई, तुम्ही पुसायचं काम करा. अर्थ मी लावतो. पाटी तयार आहे, उद्या उद्घाटन आहे. पापण्या रंगवून टाका. नाहीतर दुसरी माणसं आहेत मला!" पाटी लावून घ्यायला आलेला दीडशहाणा खेकसला.

नोकरी जाईल म्हणून आत्यानं ब्रश उचलला.

आधी डावी पापणी. मग उजवी.

दीडशहाणा समोरच खुर्चीत पाय पसरून घोरत होता. मेल्याला लाजही नव्हती.

तिनं शेवटची रेघ ओढली आणि...

घोरणं थांबलं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना.

मग बंद खोलीत... गवत सरसरलं.

"दिवे कुणी घालवले?" तो किंचाळला.

खिडकीतलं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं. पापण्या घट्ट मिटलेल्या. बोटांनी ओढल्या तरी उघडेनात.

आत्यानं धावत जाऊन चित्रावरचा ओला रंग पुसला. पण रंगाखाली...

बाईचे डोळे मिटलेलेच होते. आता ती खरंच निवांत झोपली होती.

वर्ष झालं. डॉक्टरांनी हात टेकले. तो म्हणतो, आत सगळं हिरवंगार आहे आणि गवतातून कुणीतरी त्याला शोधत येतंय. लाव म्हणावं आता अर्थ! मला त्याची काडीची दया येत नाही.

आत्या मात्र हसत नाही. "ब्रश माझ्या हातात होता रे," एवढंच म्हणते.

रोज सकाळी जाग आली की ती आधी बोटांनी पापण्या चाचपते.

गेल्या आठवड्यापासून डावी जरा उशिरा उघडते...