राणीसरकारांसाठी तेल

डबा त्याच्या हातून निसटता निसटता वाचला, कारण खालून तिनेही तो धरला होता. तेलकट बोटं एकमेकांवरून घसरली. तो पुटपुटला, "माफ करा—" आणि ती हसली. तेलाच्या गिरणीत असं माफी मागत बसलं तर दिवस पुरायचा नाही, म्हणाली.

गिरणी काकांची, पण गिऱ्हाईक ती सांभाळायची. या उंच गिऱ्हाइकाचं नाव तिने मनातल्या मनात 'लांब्या' ठेवलं. तो पुन्हा आला, मग पुन्हा. एकट्या माणसाला सोयाबीनचं एवढं तेल कशाला लागतं, या विचाराने तिला चैन पडेना. शेवटी तिने विचारलंच.

तो घुटमळला. "घरी एक जण आहे... दिवस भरत आलेत तिचे. खाण्यातून द्यायचंय."

तिने डब्याचं झाकण लावलं, जरा जास्तच घट्ट. म्हणजे लग्न झालेलं होतं तर! त्या दुपारी ती काकांवर उगाच खेकसत राहिली. काका नुसते मिशीत हसले.

पुढच्या खेपेला तिने मन मोठं करून त्याला बजावलं, की एवढं तेल पोटुशीला सोसायचं नाही, बायकोला आधी डॉक्टरकडे न्या.

"बायको?" त्याचे कान लाल झाले. "डुकरीण आहे हो ती. राणीसरकार म्हणतो मी तिला. डुकरं पाळतो म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून..."

तिने नाक मुरडलं नाही. उलट स्टूल पुढे सरकवून त्याला बसवलं आणि प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यानेही मग सगळं सांगितलं. डुकराची पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. थंडी लगेच धरते, दूध मिळायला उशीर झाला की मान टाकतात. मागच्या वेळी राणीसरकारांची निम्मी पिल्लं दुसऱ्या दिवसापर्यंत गेली होती. शेवटच्या आठवड्यांत आईच्या खाण्यात तेल घातलं तर दूध सकस उतरतं, अशक्त पिल्लांनाही तग धरता येतो, असं त्याने वाचलं होतं.

"गुण येईलच असं नाही," तो म्हणाला. "पण बघायचंय मला."

"मलाही," ती म्हणाली.

म्हणून वेळ आली तेव्हा त्याने तिला फोन केला. शेडमध्ये ऊब देणारा लाल दिवा लावला होता, खाली कोरडा भुसा पसरला होता. ओली, थरथरती पिल्लं एकामागून एक बाहेर येत होती आणि धडपडत आईचं आचळ शोधत होती. एक मात्र निपचित पडून राहिलं. तो पलीकडे गुंतला होता. तिने ते पुसलं, स्वेटरच्या आत छातीशी धरलं. बऱ्याच वेळाने ते वळवळलं, तेव्हा त्याला आचळाला लावलं. चीक ओठांवर येताच ते असं काही लुचायला लागलं, की तिचेच डोळे भरून आले. मग मागे राहणाऱ्या प्रत्येकाला ती उचलून पुढे लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. एक पिल्लू आईच्या अंगाखाली सापडून गेलं होतं. बाकीची सगळी जगली होती.

"म्हणजे तेलाचा गुण आला?" तिने विचारलं.

"आता कसं कळणार?" तो कठड्याला टेकून म्हणाला. "तेलाने जगली की तुमच्या हातांनी... माझा सगळा प्रयोग तुम्ही बिघडवलात."

तिचा चेहरा उतरला. पुढच्या वेळी लांबूनच बघेन, ती म्हणाली.

"नको." तो इतक्या घाईने बोलला की राणीसरकारांनी कान टवकारले. "बिघडू दे प्रयोग. तुम्ही या... म्हणजे, कायमच्याच या, असं विचारायचं होतं. काकांना भेटायला येऊ का?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. केसांत भुसा, कोपरापर्यंत चिखल, आणि डोळ्यांत नुसती धाकधूक.

"ये," ती हळूच म्हणाली. "पण आधी अंघोळ कर."

तो उभाच राहिला. तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'या'चं 'ये' झालं होतं.