धारेवर सोडलेली गाठ

बर्फ पडायच्या आत खिंडीच्या माथ्यावर खुणेचा खांब रोवायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो. बर्फ पडलं की वाट दिसेनाशी होते आणि पलीकडे जाणारी माणसं हे लोखंडी खांब शोधत शोधत चालतात. खालचे सगळे रोवून झाले होते. राहिला होता शेवटचा, डोंगराच्या धारेपलीकडचा.

माझं त्यात आणखी एक अडकलं होतं. मी कड्यावरून पडायच्या आधी कितीतरी हंगाम दोराच्या पुढच्या टोकाला मी चालत असे आणि माझा धाकटा दीर मधे. मग पन्नाशीला टेकलेली असताना पायाखालचा दगड निसटला. खुबा मोडला, घोटा मोडला. हाडं जुळली, पण पायाचा जमिनीवरचा विश्वास उडाला. सपाट अंगणातसुद्धा भिंत धरून चालायचे. पुढची जागा दिराकडे गेली आणि मला गोदामात दोर मोजायला बसवलं.

आमचे हे सुतार. त्यांनी खोलीत एक फळी टाकून दिली. आधी जमिनीवर, मग विटांवर, मग दोन खुर्च्यांवर. त्या फळीवर मी रोज येरझारा घालायचे. आमच्या टोळीच्या मुकादमाला हे कळलं, तेव्हा त्यानं एकदाची संधी दिली: धार ओलांडा, खांब रोवून या, पुढची जागा परत तुमची.

धारेपर्यंत दोन मुक्काम झाले. दीर पुढे, खांबाचा वरचा अर्धा भाग त्याच्या पाठीवर. खालचा अर्धा माझ्या पाठीवर. मागे घोरपड. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. कड्याला चिकटला की सुटत नाही म्हणून घोरपड. मी प्रत्येक दगड काठीनं ठोकून पाहत होते, तर म्हणाला, दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकतं, बाई तर पाणीसुद्धा फुंकतायत. मी हसले. पडल्यापासून माझी थट्टा करणारा तो एकटाच उरला होता. बाकीचे नुसते जपायचे.

धार म्हणजे डोंगराची उभी कड. पाऊल मावेल एवढीच रुंद. दोन्हीकडे उतार, आणि उताराखाली काही नाही. तिथे आमचा एक नियम होता. पुढच्यानं मागच्याला विचारायचं, ‘ढील की ताण?’ दोर सैल हवा की ताठ, हे चालणाऱ्यानं ठरवायचं. ज्याचा पाय, त्याचा शब्द. दिराला हे मीच शिकवलं होतं.

त्यानं विचारलंच नाही.

धारेवर पाऊल टाकलं आणि कमरेचा दोर ताठ झाला. तो पाऊल टाकी, मी ओढली जाई. ताठ दोर पडणाऱ्याला धरतो, पण चालणाऱ्याचा तोल घालवतो. वारा सुटला. एक हिसका! मी गुडघ्यावर आले. उठले. दुसरा हिसका! पुन्हा गुडघ्यावर.

दीर वळून म्हणाला, परत फिरू या, पायाला जमत नाहीये.

“पाय ठीक आहे, भावजी. दोर सैल सोडा.”

“वहिनी, दादाला शब्द दिलाय मी. पडलात तर कुठल्या तोंडानं घरी जाऊ?”

“मी पडत नाहीये. तुम्ही पाडताय.”

त्यानं दोर आणखी आवळला. मी मागे पाहिलं. घोरपड बुटांकडे बघत होता.

मग मी पुढची गाठ सोडली. घोरपडीचा दोर कमरेला ठेवला, दिराचा सोडून दिला. उभी राहिले. हात पसरले नाहीत, खाली वाकले नाहीत. एक पाऊल. मग दुसरं. टाचेखाली दगड लागत होता, तोच जुना, ओळखीचा दगड. मी चालत होते!

दीर रागानं तरातरा पुढे निघाला. त्याच्या बुटाखाली रात्री गोठलेल्या दवाचा पापुद्रा कडाडला. पाय गेला! पाठीवरचा खांब सुटला आणि ठणठणत दरीत गेला. आवाज बराच वेळ येत राहिला. दीर धारेवर आडवा, एक पाय इकडे, एक तिकडे, दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारलेली.

मी उभ्यानं त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या दोराचं टोक माझ्या कमरेला बांधलं. खिंडीचा माथा हाकेवर होता. पण अर्धा खांब घेऊन काय रोवणार? आणि या माणसाला कुठे ठेवणार? पाठीवरचा अर्धा भाग मी तिथेच उतरवला.

“उठा. खाली बघू नका. माझ्या टाचांकडे बघा.”

“पाय उचलत नाही, वहिनी.”

“उचलेल. ढील की ताण?”

“ताण.”

मी ताण दिला. परतताना घोरपड पुढे, मी मधे, दीर मागे. तो दोनदा गुडघ्यावर आला. तिसऱ्यांदा हळूच म्हणाला, “ढील.” मग मात्र तो नीट चालला. धार संपल्यावर तो बसून रडला आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघत उभे राहिलो.

मुकादमाच्या खोलीत शेगडी पेटलेली होती. खांब का रोवला नाही, त्यानं विचारलं. दीर शेगडीकडे बघत म्हणाला, “वहिनींनी धारेवर दोर सोडला.”

खोटं नव्हतं. धारेवर गाठ सोडणाऱ्याला पुन्हा दोरावर घ्यायचं नाही, हाही आमचाच नियम. मुकादमानं मला विचारलं. मी हो म्हणाले. घोरपडीला विचारलं, तोही म्हणाला, हो, सोडला. पुढचं कोणी विचारलं नाही. मीच सांगू लागले, तर मुकादम म्हणाला, ताठ धरला तो तुमच्या भल्यासाठीच ना? भल्यासाठी केलेल्याची तक्रार कुठे करणार? गोदामाची किल्ली त्यानं टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

बाहेर घोरपड थांबला होता. “बाई, तुमच्या मागे मी डोळे मिटून चाललो असतो,” तो म्हणाला. “पण माझं घर आता त्याच्या दोरावर चालतं.”

त्या दिवसानंतर त्यानं माझी थट्टा केली नाही.

घरी यांनी विचारलं, भावानं सांभाळलं ना नीट? मी हो म्हणाले. फळी उचलून भिंतीला लावली.

पुढच्या हंगामात दिरानं धारेची वाट बंद केली आणि खालून लांब वळसा काढला. माणसांना अर्धा दिवस जास्त लागू लागला. तरी सगळे त्याची वाहवा करतात: काय जपतो माणसांना! वळशावर आता नवे खांब आहेत.

धारेवरून कोणी जात नाही. मी जाते. गोदाम बंद असलं की एकटी निघते, पलीकडे पोचते, घटकाभर बसते आणि परत येते. घरी विचारलं, तर सांगते, फिरायला गेले होते.