शेवटच्या माणसाची पाठ

माझी पाठ दोन वर्षांपासून प्रश्नचिन्हासारखी झाली होती. भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेलेला मी, जळगावच्या डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवताच चक्क घाबरलो. बायकोला, हेमांगीला, न जुमानता आठवडाभर आधीच चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन राहिलो. गंधक आणि उष्णता. यात अंधश्रद्धेचा काही संबंध नाही.

कुंडावर सकाळी पुरुषांची पाळी. पायरीवर सगळ्यांनी एकामागे एक बसायचं आणि दगडाने पुढच्याची पाठ घासायची. मग गावचे झुलालआबा ओरडणार, "फिरा!" की सगळ्यांनी उलटं वळून परतफेड करायची. नवखा म्हणून मला शेवटची जागा, भिंतीपासून हातभर. वाफ इतकी की स्वतःचे गुडघे दिसू नयेत.

शनिवारी, सहाव्या दिवशी, मी पुढे बसलेल्या झुलालआबांना म्हणालो, "आबा, फिरल्यावर तुम्ही छान घासता. पण त्याआधी मागून जो घासतो ना, त्याच्या हाताला तोड नाही. दुखणं अर्ध्यावर आलं."

आबांचा दगड थांबला. "सर, तुमना मांगे भिताड शे."

"मग भिंत चांगलं घासते," मी म्हणालो. कोणीच हसलं नाही.

"आनि फिरल्यावर तुम्ही काय करतस?"

"नुसता बसतो. समोर वाफेत कोणी दिसत नाही."

"सहा दिन फुकटमां पाठ घसाई लिधी?" लग्नात जेवून आहेर न करता निघालेल्या पाहुण्यावर तापावं तसे आबा तापले. "उद्या फेडा, सर. नहीतर मी तुमना पुढे बसाव नही."

ऑपरेशनला दोनच दिवस उरले होते. अर्धं दुखणं घेऊन परत जायची माझी तयारी नव्हती.

रविवारी "फिरा!" झालं. भिंत घासायला विज्ञानाची काय हरकत, असं म्हणत मी दगड पुढे केला.

दगड मऊ जागी टेकला. कोमट.

"वर," वाफेतून कोणीतरी म्हणालं.

मी वर घासलं.

"आजून वर."

आता खांदे येतील म्हणून मी अर्धवट उठलो. मग उभा राहिलो. कंबर, मणके, मान, सगळं कडाकडा वाजत सरळ झालं, आणि दुखलं नाही! मला आनंदाने रडू आलं.

"सर," मागून माझी पाठ चाचपत आबा ओरडले, "तुम्ही ते ताठ उभा शेतस!"

खरंच होतो. टाचा उचललेल्या, हात डोक्यावर पूर्ण ताणलेला.

खांदे अजून आले नव्हते.