जुना देऊन घेतलेला रेडिओ

वाल्मिक आबा आमलीच्या बाजारात गेला तो फक्त गाडीचा रेडिओ बदलायला. भर दुपारी, उन्हात. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

गाडी म्हणजे जुनी, साय रंगाची फियाट. राखोलीच्या एका गिरणीत आबाने हयातभर शेटची ड्रायव्हरी केली, निघताना शेटने तीच त्याच्या गळ्यात मारली. मागच्या डाव्या दाराचं हँडल तेव्हाच तुटलेलं, काच दारात पडलेली. पाऊस आला की आबा तिथे गोणपाट कोंबायचा. मागे बसतंय कोण?

पुढे, त्याच्या शेजारी, बायको लीला बसायची. रेडिओचं बटण तिच्याकडे. सांज झाली की जळगाव केंद्र लागायचं, खरखरत, आणि माहेरचं कोणी बोलत असल्यासारखी ती कान लावायची. दमणगंगेच्या पुलावर आलं की तिचं ठरलेलं, "काच वर ल्या ना, वारा लागस." आबा खेकसायचा, आणि आपल्या बाजूची काच वर करायचा.

पौषात लीला गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशी रिवाजाने आबाने तिच्या नावाची घागर भरली. त्याच सांजेला पुलावर बंद रेडिओ आपोआप खरखरला, आणि खरखरीतून आलं, "काच वर ल्या ना..."

आबाने काच वर केली. डोळ्यांना धार लागली, पण गाडी थांबवली नाही. तिथून रोज सांजेला तो पूल. पोरगी सोनी विचारायची, आबा, जातोस कुठे? हवा खायला, म्हणायचा.

पावसाळ्यात ओल शिरली आणि रेडिओ पार मेला.

"आबा, हा घ्या," दुकानवाला ललित म्हणाला. "टचस्क्रीन. मागचं बघायला कॅमेरापण आहे."

"मागचं बघायला देवाने मान दिलीय."

"आवाज ऐका तर खरं. एकदम क्लियर."

"क्लियर नको. खरखरणारा दे."

"दुकान काढल्यापासून असं गिऱ्हाईक पहिलंच," म्हणत ललित माळ्यावर चढला आणि धुळीने भरलेला एक डबा घेऊन उतरला. "भंगारातल्या अँबेसिडरचा आहे. चालतो. कुठली, कोणाची, ते नका विचारू."

"माझा जुना ठेव आणि भाव पाड." बोहारणीसारखी सवय. जुनं दिल्याशिवाय आबाने जन्मात काही घेतलं नव्हतं. आणि त्याचा विचार सरळ होता: आवाज हवेतून येतो, डबा कुठला का असेना.

सांजेला तो पुलावर आला. नदीवरून शेवाळाचा ओला वास येत होता. रेडिओ खरखरला. आबाचा हात आधीच काचेच्या हँडलवर गेला होता.

"अहो... घर मागे राहिलं ना आपलं..."

आवाज बाईचाच. हेल मात्र कोकणाकडचा.

"लीला?"

"मी विजया."

"बाई... मी तुमचा नवरा नाही."

खरखरीतून हळूच, "मग हे कुठे आहेत?"

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आबा पायरीवर बसलेला. "माझा जुना दे."

"तो? कालच फोडला, आबा. तांबं काढून घेतलं, बाकीचं भंगारवाला घेऊन गेला." म्हातारा आता आईबाप काढणार म्हणून ललित मागे सरला. आबा नुसता काउंटर धरून उभा राहिला.

"बसा, आबा. पाणी घ्या."

त्या सांजेला पुलावर त्याने गाडी कडेला घेतली. खरखर सुरू झाल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही तिकडच्या. आमची लीला दिसली तर सांगा तिला... डबा गेला, मी नाही गेलो. मी रोज येतो म्हणावं."

"त्या इथेच आहेत..."

"कुठे?"

"मागच्या सीटवर. पुढे मी बसले ना..." आवाज बारीक होत गेला. "त्या बोलतायत. तुम्हाला ऐकू जात नाही. वारा लागतोय त्यांना..."

देवाने दिलेली मान काही वळेना. समोर बघतच आबाने गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फियाट पुन्हा दुकानासमोर उभी. आबाने खाली मान घालून सांगितलं, "मागे पण एक बसव."

"मागच्या सीटला रेडिओ? आबा, मागे कोण..." ललित हसत बाहेर आला आणि मागच्या डाव्या दारापाशी थांबला. "ही काच कधी दुरुस्त केली?"

"नाही केली."

काच पार वरपर्यंत चढलेली होती. आत हँडलच्या जागी तोच नुसता गंजका खुंट. ललितने दोन्ही तळवे टेकून काच खाली ढकलली. ती बोटभर सरकली आणि पुन्हा वर गेली.

ऑक्टोबरचं ऊन पत्रा भाजत होतं. काचेवर आतून वाफ धरली होती.