निवडलेला तांदूळ

रेशन दुकानाच्या रांगेत उर्वशीने ओढणी पार नाकापर्यंत ओढून घेतली होती. तिचा नंबर आला आणि मशीनमागून ओळखीचाच आवाज आला, "अंगठा ठेवा."

तिने वर पाहिलं. ओमेश्वर! प्रशिक्षणाच्या वर्गात रोज शेजारी बसणारा, तिच्या डब्यातला भात हक्काने खाणारा ओमेश्वर. उर्वशीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं.

खरं तर सडक अर्जुनीच्या त्या वर्गात जो तो रेशनकार्ड दाखवूनच आलेला. हॉटेलातल्या कामाचं ते फुकट शिक्षण रेशनवाल्यांसाठीच होतं. पण दुपारी डबे उघडले, की ज्याच्या त्याच्या घरी धानाच्या बांध्याच बांध्या! उर्वशीही बोलून गेली होती, "आमच्याच बांधीतला तांदूळ हाय." आता थाप मारली म्हणजे निभावणं आलं. रेशनच्या तांदळात जीवनसत्त्वांचे निराळे दाणे मिसळलेले असतात. गावात त्यांना प्लास्टिकचे म्हणतात. कुणी ओळखू नये म्हणून ती रोज संध्याकाळी सूप घेऊन ते वेचत बसायची. आई, तुलसा, कुरकुरायची, "कायले डोळे फोडून राहिली व बाई?"

आज नागझिऱ्याजवळच्या रिसॉर्टमध्ये नोकरीची मुलाखत होती. पण रेशनचाही आज शेवटचा दिवस, आणि एरवी रेशन आणणाऱ्या आईचा, धानाची रोवणी करून करून झिजलेला अंगठा या वेळी मशीन घेईना. धान्य बुडालं तर महिनाभर खायचं काय? म्हणून मुलाखतीआधी उर्वशी इथे आली होती. आणि मशीनमागे नेमका हा!

ती वळली आणि तरातरा चालू लागली. गेलं धान्य, गेली मुलाखतही... तिथेही तो असणारच होता.

"उर्वशी!" मशीन दुकानदार मामाच्या हाती देऊन ओमेश्वर रस्त्यावर धावत आला. "काऊन पळून राहिली?"

"हस आता. खोटारडी म्हण मले." तिचे डोळे भरून आले. "सांगतलं होतं ना तुले, बांधीतला..."

"मले तं पहिल्याच घासाले समजलं होतं."

"काय?"

"हाच तांदूळ मोजतो ना मी इथं. तुह्या भातात एक दाणा राहून गेला होता."

म्हणजे इतके दिवस तो सगळं जाणून होता! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग बोलला काऊन नाही?"

"बोललो असतो, तं तू डबा लपवला असता. अन्..." तो चपलेने माती उकरू लागला. "माह्या घरी बी हाच शिजते. मी तं मामाची राइस मिल हाय म्हणून सांगतलं होतं."

उर्वशीला रडता रडता हसू फुटलं.

"चाल, अंगठा दे. मंग गाडीवर जाऊ दोघं."

"अन् पोतं?"

"बसन ना मधात. लोकायले बोलाले जागा नाही."

मग हायवेच्या ट्रकांमधून त्यांची मोटरसायकल निघाली. तो पुढे, ती मागे, मधे तांदळाचं पोतं. त्याची नजर सारखी आरशात.

"समोर पाह्य!"

"तूच दिसून राहिली, तं काय करू?"

रिसॉर्टच्या फाटकावर मॅनेजरने पोत्याकडे बोट केलं. "ये क्या है?"

उर्वशीचे कान पुन्हा तापले. हात ओढणीकडे गेला... पण तिने तो खाली घेतला. "राशन का चावल है, सर. आज नहीं उठाती, तो महीने का चला जाता."

"अंदर रख दो," मॅनेजर म्हणाला, "बाहर बंदर फाड़ देंगे."

संध्याकाळी दोघं परतले. सोमवारपासून दोघांनाही कामावर बोलावलं होतं. तिच्या दारात पोतं उतरवताना ओमेश्वर घुटमळला.

"एक सांगू? आता तांदूळ निवडू नोको."

"काऊन?"

"संध्याकाळचा तेवढा वेळ... मले दे."

उर्वशी लाजून घरात पळाली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मात्र तिने आपणहून डबा उघडला आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढे सरकवला. भातातले ते निराळे दाणे जसेच्या तसे होते.